किल्ली शोधणारी बाई

"आज तुमची ती किल्ली शोधणारी बाई ऐकली," बायको म्हणाली तेव्हा त्याच्या तोंडात चहाचा घोट होता. तो त्याने तसाच गिळला. घोट गरम होता आणि घशातून छातीपर्यंत कुठून कुठे गेला ते नीट कळलं. बायको समोर पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होती. टोकाला टोक जुळवायचं, मधे हात फिरवायचा, पुन्हा टोकाला टोक. "कोण बाई?" त्याने विचारलं. खरं तर विचारायची काहीच गरज नव्हती. "दुपारी तुमच्या ऑफिसातून कुणीतरी आल्या होत्या, तब्येतीचे प्रश्न विचारायला. आधी दोन-तीन माणसांच्या हकिगती सांगितल्या त्यांनी. त्यातली एक ही." मग तिने त्या हकिगतीतली वाक्यं म्हणून दाखवली, शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तशी, सपाट आवाजात. एक बाई आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या की त्यांना दम लागतो आणि थांबावं लागतं. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करतात. यांची तब्येत कशी आहे असं तुम्ही म्हणाल? उत्तम, चांगली, बरी, वाईट की फार वाईट? शब्दन् शब्द बरोबर होता. तो त्याचाच होता. आणि अशा वेळी नवऱ्याने दुसरं काहीही बोलायला हवं होतं, निदान गप्प तरी बसायला हवं होतं, तर या गृहस्थाच्या तोंडून आलं ते असं: "मग तू काय म्हणालीस?"

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "ते गुप्त असतं ना? त्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, तुमची उत्तरं आमच्याकडे गुप्त राहतील." चादरीवर चादर ठेवून ती उठली. उठताना पलंगाच्या कडेवर क्षणभर हात टेकवला. तो त्याला दिसला आणि दिसला हे तिलाही दिसलं. "पण ऑफिसातल्या माणसांची घरं यात धरत नाहीत," तो म्हणाला. "घरातलं कोणी या कामात आहे का, असं आधी विचारतात." "विचारलं की. नाही म्हटलं." "खोटं कशाला सांगायचं?" "हो म्हटलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या," ती म्हणाली आणि चादरी घेऊन आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला नाही. तो चहा पीत राहिला.

आता त्याच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो असा धंदा आहे की सख्ख्या मेव्हण्यालाही तो कधी धडपणे समजावून सांगता आला नव्हता. तो आकडेवारीचा माणूस. सरकारच्या एका ऑफिसात तो लोकांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल जे सांगितलं त्याचा अर्थ लावायचा. घरोघर माणसं जातात, विचारतात, तब्येत कशी आहे? लोक पाचांतला एक शब्द देतात. पण एकाची 'बरी' आणि दुसऱ्याची 'बरी' यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. त्याचं म्हणणं असं, की तब्येतीची एक लांबलचक पट्टी प्रत्येकाच्या आत असते आणि ती कुणालाच दिसत नाही. माणूस त्या पट्टीवर आपल्या मर्जीने चार रेघा मारतो आणि मधल्या जागांत पाच शब्द बसवतो. सोशिक माणसाच्या रेघा पार खाली सरकलेल्या असतात, त्याला श्वास घेता येईनासा झाला तरी तो 'बरी' म्हणतो. कुरकुऱ्या माणसाच्या रेघा वर, त्याला शिंक आली की 'वाईट'. या रेघा कुणाच्या कुठे आहेत ते शोधायचं आणि मग उत्तरं दुरुस्त करून घ्यायची, हे त्याचं काम. त्यासाठी सगळ्यांना त्याच दोन-तीन काल्पनिक माणसांच्या हकिगती ऐकवायच्या. दुसऱ्याला जी पट्टी लावतो तीच माणूस स्वतःला लावतो, एवढं फक्त गृहीत धरायचं. ऑफिसात त्याला थट्टेने 'बरेसाहेब' म्हणत. कुणी "काय, कसं काय?" विचारलं आणि दुसरा "बरं आहे" म्हणाला की तिसरा हमखास म्हणणार, "थांबा, आधी बरेसाहेबांकडून दुरुस्त करून घ्या." तोही हसायचा. आपल्या आयुष्याला एक विनोद मिळाला याचं त्याला थोडं बरंच वाटायचं.

घरीही त्याची ही दुरुस्ती चालायची, कागद-पेन्सिलीशिवाय. बायकोच्या रेघा आपल्याला पाठ आहेत असा त्याचा समज होता. ती गुडघ्यांबद्दल बोलायची, उकाड्याबद्दल बोलायची, शेजारच्या घरातल्या मिक्सरने डोकं उठतं म्हणायची. एवढी बोलणारी बाई सोशिक कशी असेल? म्हणजे ती 'बरी आहे' म्हणते तेव्हा खरोखरच बरी असते. हिशेब चोख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला चालत जाताना तो हाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडून बघत होता. रस्त्याच्या कडेला कुणी फरशा कापत होतं आणि त्या धुळीतून जाताना लोक नाकाला रुमाल लावत होते. त्याने लावला नाही. आपण धूळ खातोय हे लक्षात यायला त्याला कोपऱ्यापर्यंत जावं लागलं. तिथे उभा राहून तो खोकला, आणि खोकता खोकता त्याला तो जिना आठवला. आठवला म्हणजे काय, विसरला कधी होता.

मागच्या वर्षीची गोष्ट. दुपारी ऑफिसातली वीज गेली म्हणून तो लवकर घरी आला होता. इमारतीच्या दारातून आत शिरला तर वरून ओळखीच्या चपलांचा आवाज येत होता, बायकोच्या. हाक मारणार तेवढ्यात आवाज थांबला. त्याने मान वर करून जिन्याच्या कठड्यांमधून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या चौकात ती उभी होती, मान खाली, एक हात पिशवीत. खांदे वर-खाली होत होते. तो हात पिशवीत काही शोधत नव्हता, नुसता आत होता. तेवढ्यात वरून कुणीतरी उतरलं. तिचा हात लगेच पिशवीत खळखळ करायला लागला आणि ती हसून म्हणाली, "किल्ली कुठे जाते कोण जाणे." उतरणारा माणूसही हसला, त्याच्या शेजारून बाहेर गेला. आणि तो तिथेच, विजेच्या मीटरांच्या पेट्यांपाशी उभा राहिला. एका मीटरचं चाक फिरत होतं. तिच्यापर्यंत चढायला दोनच जिने होते. काय म्हणायचं होतं? 'काय गं, काय होतंय?' एवढंच. पण असं विचारलं की ती सांगणार, सांगितलं की डॉक्टर, डॉक्टर म्हणजे तपासण्या, आणि तपासण्यांच्या पलीकडे त्याला एक पलंग दिसत होता, लोखंडी, खिडकीपाशी. तिची चप्पल पुन्हा वाजायला लागली, वरचं दार उघडलं, मिटलं. मग तो बाहेर जाऊन रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून आला आणि नुकताच आल्यासारखी बेल वाजवली. तिने दार उघडलं. "बरी आहेस ना?" "बरी आहे की. का?" "काही नाही, सहज." त्याला केवढं हायसं वाटलं. विचारलं, उत्तर मिळालं, संपलं.

पण संपलं नव्हतं, कारण पुढच्या आठवड्यात ऑफिसात, वरिष्ठ मॅडमच्या खोलीत, पाहणीच्या नव्या फेरीच्या हकिगती ठरत होत्या. 'बरी' आणि 'वाईट' यांच्या मधे पडेल असं एक माणूस हवं होतं. सगळे पेन चावत बसले होते. कुणी म्हणालं, पायऱ्या चढताना दम लागणारे आजोबा. मॅडम म्हणाल्या, फार ठोकळेबाज आहे. आणि हा बोलायला लागला. बोलता बोलता तो जिना आला, चौक आला, पिशवी आली, किल्ली आली. सगळ्यांची पेनं तोंडातून बाहेर आली. मॅडम म्हणाल्या, "अहो, ही तर डोळ्यांसमोर उभी राहिली." खरं म्हणजे हकिगत कोरडी ठेवायची असा नियम होता, पण चाचणीत या बाईवर लोकांची उत्तरं पाचही शब्दांवर इतकी छान पसरली की किल्ली काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याला कौतुक आवडलं. हे त्याने पुढे स्वतःशी अनेकदा नाकारलं, पण आवडलं होतं. ती कुणाचीही बायको असू शकते, असं त्याने ठरवलं, आणि तेव्हापासून हजारो अनोळखी माणसांनी तिच्या तब्येतीबद्दल मत दिलं. हजारोंना विचारून झालं. एकीला सोडून.

तो लोखंडी पलंग त्याच्या आईचा. तेव्हा तो सहावी-सातवीत असेल. आईला हॉस्पिटलात कशासाठी ठेवलं होतं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त संध्याकाळी वडिलांबरोबर जायचं आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं. एकदा डॉक्टर फेरीवर आले, मागे नर्स. "काय, कशी आहे तब्येत?" त्यांनी आईला विचारलं. आईने तोंड उघडलं होतं. ओठ सुटे झालेले त्याने स्वतः पाहिले होते. आणि वडील म्हणाले, "बरी आहे आता. कालच्यापेक्षा खूपच बरी." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पलंगाकडे गेले. आईने ओठ मिटले आणि ती छताकडे बघायला लागली. वडील वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. त्यांना वाटत असावं की 'बरी' म्हटलं की तेवढ्यापुरती बरी होते. आई काय सांगणार होती ते त्यानंतर कधीच कळलं नाही. माणसाच्या उत्तराला किंमत द्यायची असते, त्यामागचं शोधायचं असतं, हे आपण त्या पलंगापाशी शिकलो, असं तो भाषणांतून सांगायचा. ऐकणारे हळवे व्हायचे. प्रत्यक्षात तो तिथे दुसरंच शिकला होता, आणि ते कालपर्यंत त्याचं त्यालाही धड माहीत नव्हतं.

ऑफिसात पोचल्यावर त्याने काम काढलं. काल दिवसभरात आलेली उत्तरं यंत्रात येऊन पडली होती. दोन ठिकाणी बोट लावलं असतं तर आपल्या इमारतीची ओळ समोर आली असती. त्याने बोट लावलं नाही. तो यात मोठेपणा मानायला तयार नव्हता. त्याला भीती वाटत होती, एवढंच. 'चांगली' लिहिलेलं असलं तर? किल्लीवालीची वाईट आणि स्वतःची चांगली? मग त्याचं सगळं गणित अगदी सुरळीत चाललं असतं, कुठे काही अडलं नसतं, दोन वेगळ्या बायका म्हणून. आणि 'वाईट' असली तर ते तिने एका परक्या बाईला सांगितलं, दुपारी, तो नसताना. दोन्हींपैकी काय सोसवेल ते त्याला ठरवता येईना. तो पाणी प्यायला उठला, परत आला, पुन्हा उठला. शेजारच्या टेबलावरून कुणी म्हणालं, "काय बरेसाहेब, बरं आहे ना?" आणि सवयीने दोघे हसले.

दुपारी भिंगरी आली. भिंगरी म्हणजे घरोघर फिरणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी, चाळिशी उलटलेली, पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून हे नाव. ती ऑफिसात आली की आधी पंख्याखाली उभी राहायची आणि मग तक्रारी सांगायची. "सर, एक घर अडलंय," हातातला टॅब पुढे करत ती म्हणाली. "बाई एकदम चांगल्या हो. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. सगळी उत्तरं दिली. तुमच्या त्या किल्लीवालीबद्दल विचारलं तर एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, आमच्या ऑफिसातले एक साहेब आहेत, त्यांनी. त्या म्हणाल्या, वाईट लिहा. आणि पुढे त्यांची स्वतःची तब्येत विचारली तर म्हणाल्या, ते माझ्या मिस्टरांना विचारा, त्यांना माहीत आहे." भिंगरीने टॅबवर बोट ठेवलं. "आता मी इथे काय भरू? उत्तर दिलं नाही, असं भरू की सांगता येत नाही, असं?"

पंखा फिरत होता आणि भिंगरीच्या पदराचं टोक हलत होतं. तिला पत्ता माहीत होता, पण तो कुणाचा ते माहीत नव्हतं. दारावर अजून आधीच्या मालकाचीच पाटी होती, बदलायची राहून गेली होती. "दुसऱ्याच्या तोंडून आलेलं उत्तर, असा एक पर्याय असतो," तो म्हणाला. "तो घ्या. नवरा. आणि पुढे भरा, वाईट." भिंगरी गोंधळली. "पण सर, मिस्टर घरात नव्हते ना." "आता आहेत," तो म्हणाला. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, मग टॅबकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. इतकी वर्षं दारोदार माणसांची तोंडं वाचलेली बाई ती, तिला फार वेळ लागला नाही. तिने पदर सावरला. "म्हणजे हे घर वगळावं लागेल, सर," ती हळूच म्हणाली. "ऑफिसचं घर धरत नाहीत." "हो. वगळा." "भरलेलं सगळं जाईल." "जाऊ दे." तिने दोन ठिकाणी बोट लावलं आणि टॅब बंद केला. जाताना दारात थांबून म्हणाली, "सर, त्या मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या होत्या. खाली नाही आल्या. वरूनच हात केला." इतकंच बोलून ती गेली.

तो लवकर निघाला. मॅडमना काय कारण सांगितलं ते रस्त्यात आठवेना. फरशा कापणारा माणूस आता कापलेल्या फरशा रचत होता. इमारतीच्या दाराशी आला आणि त्याला आतून चपलांचा आवाज आला, मग आला नाही. तो मीटरांच्या पेट्यांपाशी उभा राहिला. त्याच जागी. ते एक चाक अजून फिरत होतं. वर कठड्यांमधून पिशवी दिसली, कोपर दिसलं. वर्षभर आपण इथेच उभे आहोत आणि मधल्या काळात फक्त कपडे बदलले, असं त्याला वाटलं. मग तो चढायला लागला. बूट मुद्दाम वाजवत चढला, म्हणजे तिला कळावं. दुसऱ्या मजल्याच्या चौकात ती भिंतीला खांदा लावून उभी होती, ओठांभोवती निळसर, कपाळावर बारीक घाम. "किल्ली सापडत नाहीये," ती म्हणाली आणि मधेच थांबली. हे आपण कुणाला सांगतोय ते तिच्या लक्षात आलं असावं. तो पायरीवर बसला आणि शेजारची जागा हाताने झाडली. ती हळूहळू खाली बसली. पिशवी मांडीवर होती, हात अजून पिशवीतच.

दोघांमधे तिचा श्वास होता. इतक्या जवळून तो त्याने कधी ऐकला नव्हता. वर चढताना कुठेतरी अडकायचा, आणि मग खाली यायचा. "त्या बाईंनी विचारलं का तुम्हाला?" तिने विचारलं. "विचारलं." "मग?" "वाईट म्हटलं." आमटीत मीठ पुरेसं आहे का बघावं तसा तिने तो शब्द जरा वेळ तोंडात ठेवला. "फार वाईट म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "जाऊन आले मी डॉक्टरांकडे. गेल्या आठवड्यात, एकटीच. हृदयाची झडप आहे. ऑपरेशन आता जोखमीचं आहे म्हणाले, घरी विचारून सांगा. वर्षभरापूर्वी आला असता तर गोष्ट वेगळी होती, असंही म्हणाले." तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिने फक्त जे कळलं होतं ते सांगितलं. "मला वाटायचं, तुम्हाला कळत नाहीये," ती पुढे म्हणाली. "कळलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, असं वाटायचं. आणि काल त्या बाईंनी वाचून दाखवलं." त्याला तिची क्षमा मागावीशी वाटली, पण ती मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढा श्वास तिच्याकडे नव्हता. त्याने पिशवीच्या बंदावर हात ठेवला. तो रडत होता. आपण रडतोय हे त्याला हनुवटी ओली झाल्यावर कळलं.

वरून काठी वाजत आली. चौथ्या मजल्यावरचे मास्तर, निवृत्त, रोज या वेळी फिरायला निघत. वळणावर दोघांना पायरीवर बसलेलं बघून ते थबकले आणि मग हसले. "वा, आज इथेच बैठक? बरं आहे ना सगळं?" असं विचारता विचारताच त्यांनी काठी पुढच्या पायरीवर टेकवली होती, कारण या जिन्यावर या प्रश्नाच्या उत्तरासाठी कुणी कधी थांबलं नव्हतं. त्याच्या जिभेवर उत्तर आलंच होतं, तयार, वडिलांच्या आवाजात. शेजारी बायकोचे ओठ सुटे झालेले त्याने पाहिले. तो थांबला. ती काही म्हणते का याची त्याने वाट पाहिली. तिला अजून दम लागत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, सांगा म्हणून.

"नाही, मास्तर," तो म्हणाला. "हिला बरं नाही. फार बरं नाही."

मास्तरांनी काठी मागे घेतली. तिने पिशवीतून हात बाहेर काढला. त्यात काहीच नव्हतं. तो तिने तसाच मांडीवर ठेवला.